तळहाताएवढा हंस

बाईंना त्या भागात सगळे कोंबडीबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण पाठीमागचं बोलणं पुढे यायला किती वेळ लागतो! एकदा भाजीवाला त्यांच्यासमोरच दुसऱ्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "थांबा जरा, आधी कोंबडीबाईंना मोकळं करतो." मग त्याने जीभ चावली आणि भरपाई म्हणून दोन लिंबं जास्तीची पिशवीत टाकली. बाईंनी ती मुकाट्याने घेतली.

नाव पडायला कारण होतं. बाई शाळेतल्या सर्वांत लहान वर्गाला शिकवत. चार-साडेचार वर्षांची पोरं. कुणाला धड बोलता येत नसे, कुणी तहान लागली तरी नुसतं बोट दाखवी. त्यांना बोलतं करायचं हे बाईंचं काम, आणि चोवीस वर्षं त्या ते अंगणातल्या पक्ष्यांपासून सुरू करत आल्या होत्या. वर्गाची खिडकी रस्त्यावर उघडत असे. सकाळी कामाला निघालेल्या माणसांना आतून आधी कुकूचकू ऐकू येई, मग पक-पक-पक, मग वीस पोरांचा एकदम कालवा. कंबरेवर हात ठेवून, पावलं फाकवून बाई बदकासारख्या डुलत वर्गभर फिरत. अंगाने थोराड असल्यामुळे त्यांचं बदक फार झकास वठे.

आणि या कोंबडीबाई खऱ्या कोंबडीला यमासारख्या भीत.

हे त्यांच्या नवऱ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. गल्लीत कोंबडी दिसली की बाई रस्ता ओलांडत. घरी अंडी आणली आणि एखाद्याला बारीकसं पीस चिकटलेलं असलं तर ते अंडं नवऱ्याने धुऊन द्यायचं, मगच बाई हात लावणार.

भीती जुनी होती. पाच वर्षांच्या असताना त्या आत्याकडे गेल्या होत्या. आत्या म्हणाली, "जा गं, खुराड्यातून अंडी काढून आण." आत एक कोंबडी खुडूक बसली होती. अंडी उबवायला बसलेली कोंबडी कुणाला जवळ येऊ देत नाही, हे त्या पोरीला कुणी सांगितलं नव्हतं. तिने अंधारात हात घातला आणि अंधारच तिच्या तोंडावर आला. डावी भुवई फाटली, डोळा थोडक्यात वाचला. दुखलं किती ते बाई विसरल्या. पण कानाजवळची ती पंखांची फडफड विसरल्या नाहीत. पुढे कितीतरी महिने त्या बोलताना अडखळत. घरातली मोठी माणसं हसत. म्हणूनच की काय, ज्या पोराचा शब्द घशात अडकतो त्याला बाई कधी "बोल, बोल लवकर" म्हणत नसत. नुसत्या थांबत.

नवरा दुकानांच्या पाट्या रंगवत असे. सगळे त्याला पेंटरच म्हणत. बाईंना नोकरी लागली त्या वर्षी त्याने पाट्यांच्या उरलेल्या पत्र्यांतून हाताच्या पंजाएवढे तुकडे कापले आणि त्यांवर पक्षी रंगवून दिले. कोंबडी, कोंबडा, पिल्लू, बदक, हंस, टर्की, कबुतर. पाटी भरून दिसली पाहिजे, एवढा एकच नियम त्याला धंद्यात माहीत, त्यामुळे प्रत्येक पक्षी चोचीपासून शेपटीपर्यंत पत्रा भरून होता. रंग असे की चोवीस वर्षांत कुठे टवका उडाला नाही.

मग मोठ्या बाई आल्या. आधीच्या निवृत्त झाल्या आणि ह्या दुसऱ्या शाळेतून बदलून आल्या. काटकुळ्या, चष्मा कपाळावर, चालणं धावल्यासारखं. एक दिवस त्या वर्गात मागच्या बाजूला एका इवल्याशा खुर्चीत येऊन बसल्या. बाईंनी पत्रे दाखवले.

"हे काय?"

"कों-ब-डी!"

"आणि हे?"

"ब-द-क!"

छप्पर उडेल अशा आवाजात उत्तरं आली. बाईंना वाटलं, जिंकलं. पण सुट्टीत मोठ्या बाईंनी त्यांना आपल्या खोलीत बोलावलं.

"शब्द पाठ आहेत. पण पोरं बोलत नाहीत, बाई."

"बोलतात की."

"दाराजवळच्या त्या गोबऱ्या मुलाला मी विचारलं, कोंबडी काय करते? म्हणाला, कोंबडी. मी म्हटलं, अरे ती करते काय? तर जरा विचार करून म्हणाला, बदक."

बाईंना हसू आलं, पण समोर कुणी हसत नव्हतं म्हणून त्यांनी ते गिळलं.

"शहराबाहेर अंडीवाल्या मावशींचं पक्ष्यांचं अंगण आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "मुलांना तिथे न्या. खरे पक्षी बघू देत. दुसऱ्या दिवशी मी येऊन एकेकाला विचारीन. प्रत्येकाने बघितलेलं तीन वाक्यांत सांगायचं. सांगितलं तर वर्ग तुमचा. नाही तर पुढच्या सत्रापासून तो तुमच्या मदतीला असतात त्या धाकट्या बाईंना देते. तुम्ही कचेरीत बसा, दाखले लिहा. गुडघे दुखतात म्हणत होतातच."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. वर्ग जाणार हे एक, आणि तो राखायचा तर कोंबड्यांच्या अंगणात शिरायचं हे दुसरं. इकडे आड, तिकडे विहीर.

घरी आल्यावर त्या चपलाही न काढता बसून राहिल्या.

"अहो, मी नाही म्हणून सांगते."

"सांग."

"मग वर्ग जाईल."

"मग जा अंगणात."

"मग मी मरेन!"

"कोंबडीने मारलेलं माणूस मी अजून बघितलं नाही," पेंटर ब्रश पुसत म्हणाला. "तिच्या जिवावर एवढं नाव कमावलंस, एकदा तिला तोंड तरी दाखव. आणि कोंबडं झाकून ठेवलं म्हणून..."

"ती म्हण नका सांगू. दुसरी कुठलीही सांगा."

पुढचे दिवस बाईंनी पळवाटा शोधण्यात घालवले. आधी खोकला काढून बघितला. मोठ्या बाईंनी लवंग दिली. मग म्हणाल्या, पालकांची परवानगी हवी. मनात आशा होती की एखादी तरी आई नको म्हणेल. पण सगळ्या आयांनी आनंदाने सह्या करून दिल्या. एकीने तर जास्तीची चड्डीही बांधून दिली. शेवटची सही इस्त्रीवालीची. तिची मुलगी वर्गात सगळ्यांत लहान, म्हणून तिला मुंगी म्हणत. मुंगी दिवसभरात चार-पाच शब्द बोले, आणि तेही हंसाचा पत्रा छातीशी धरला असेल तरच. तो पत्रा तिने जवळजवळ स्वतःच्या नावावर करून घेतला होता.

"बाई, हिचा हात सोडू नका हं," इस्त्रीवाली म्हणाली. "बोलत नाही, पण शिरते कुठेही."

आता मात्र बाईंना रोज पहाटे जाग येऊ लागली. आपण घाबरणार हे त्यांना ठाऊकच होतं. धास्ती होती ती पोरांनी ते बघण्याची. एकदा बाई भ्याल्या हे पोरांनी बघितलं की वीसच्या वीस पोरं जन्मभरासाठी कोंबडीला भिणार, आणि वीस घरांत एकेक कोंबडीबाई तयार होणार.

ठरलेल्या सकाळी बस निघाली. लहान मुलांना बाहेर नेताना बाई एक लांब दोरी घेत. तिला हात-हात अंतरावर गाठी मारलेल्या. प्रत्येकाने आपली गाठ धरायची आणि सोडायची नाही. पुढचं टोक बाईंकडे, मागचं धाकट्या बाईंकडे. बसमधून उतरल्यावर आधी वास आला, ओल्या पिसांचा आणि सडक्या धान्याचा. बाईंच्या हातातलं दोरीचं टोक घामाने ओलं झालं.

अंडीवाल्या मावशी म्हणजे उंच, खणखणीत बाई. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. "या, या! केवढी ही पिलावळ!" म्हणून त्यांनी फाटक उघडलं. दोन्ही बाजूंना जाळ्या होत्या, मधून पायवाट. बाई बरोबर मधोमध चालत होत्या, डावीकडे बोटभर नाही की उजवीकडे बोटभर नाही.

"ही कोंबडी," बाई म्हणाल्या. जाळीकडे न बघता म्हणाल्या.

कुणी ओरडून उत्तर दिलं नाही.

"मोठी आहे," कुणीतरी हळूच म्हणालं.

पुढच्या जाळीत टर्की होती. तिने अंग फुगवलं, गळ्याची लाल कातडी हलवली आणि घशातून गुडगुड आवाज काढला. गोबरा मुलगा मागे सरकला. "ही टर्की नाही," तो म्हणाला. त्याने आपला पंजा पुढे केला. "टर्की एवढी असते."

बाईंनी त्या पंजाकडे बघितलं. काहीतरी चुकलंय हे कळलं, काय ते कळायला वेळ मिळाला नाही. कारण पायवाट संपली तिथे हंस होते, पांढरे, पाळीव, लांब मानेचे. मान वर केली की त्यांचे डोळे बरोबर पोरांच्या डोळ्यांसमोर येत. त्यांतला एक जाळीशी आला आणि फिस्स करून ओरडला. एका पोराने भोकाड पसरलं, त्याचं बघून दुसऱ्याने, आणि बघता बघता सगळी दोरी रडायला लागली. गाठी सुटल्या. अर्धी पोरं बाईंच्या पायांना बिलगली, अर्धी फाटकाकडे पळाली. धाकट्या बाई त्यांच्यामागे धावल्या.

मुंगी रडली नाही. ती हातातल्या पत्र्याकडे बघत होती, मग हंसांकडे, मग पुन्हा पत्र्याकडे. मोठ्या पांढऱ्या पक्ष्यांच्या पलीकडे, पाण्याच्या डबक्याशी, पिवळसर राखी रंगाची पिल्लं होती. बरोबर पत्र्याएवढी. मुंगीचा चेहरा उजळला. "हंस," ती म्हणाली, आणि जाळीच्या दाराखालच्या फटीतून सरपटत आत गेली.

बाईंनी बघितलं तोवर तिने एक पिल्लू उचललं होतं.

नर हंसाने मान जमिनीला समांतर केली आणि तो तिच्याकडे निघाला. घाई नव्हती त्याला. मागून मादी, पंख उघडून.

"मावशी!" बाई किंचाळल्या. मावशी पलीकडच्या टोकाला दाणे आणायला गेल्या होत्या. तिथून त्यांचा आवाज आला, "दार उघडा! दोघांच्या मध्ये उभ्या राहा! हात पसरा, हात!" आणि रबरी बुटांचा धपधप आवाज, लांबून, फार लांबून.

दाराला साधी कडी होती. बाईंचा हात कडीवर होता. हात हलत नव्हता. किती वेळ तसा गेला ते त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही. मावशींचं म्हणणं, तीन-चार पावलांचा. बाईंना मात्र त्या वेळात हंसाच्या चोचीच्या कडेचे करवतीसारखे दाते दिसले, मुंगीच्या फ्रॉकवरची इस्त्रीची घडी दिसली, आणि कानाजवळ, अगदी कानाजवळ, ती फडफड ऐकू आली. मग हंसाने फ्रॉकचं टोक चोचीत धरून ओढलं आणि मुंगी तोंडावर पडली.

कडी उघडली. बाई आत होत्या.

त्यात शौर्यासारखं काही दिसलं नाही. चिखलात पाय घसरला, एक चप्पल रुतली, तोल सावरायला म्हणून हात पसरले गेले. डोळे मिटून, बेंबीच्या देठापासून ओरडत त्या पोरीच्या आणि हंसाच्या मध्ये उभ्या राहिल्या. पंखाचा फटका मांडीवर बसला, काठी मारावी तसा. पोटरीला चोचीचा चिमटा बसला आणि सुटेना. त्यांनी वाकून पोरीला उचललं, छातीशी दाबलं. तरी हंस सोडीना. कसा सोडेल? त्याचं पिल्लू अजून मुंगीच्या मुठीत होतं.

"सोड गं त्याला! सोड!"

मुंगी सोडत नव्हती. तेव्हा बाईंनी स्वतःच्या हाताने तिचं एकेक बोट उलगडलं आणि पिल्लू त्यांच्या तळहातावर आलं. गरम होतं. एवढ्याशा त्या जिवाची छाती इतक्या जोरात धडधडत होती की बाईंना वाटलं, आता हे हातातच फुटतं. त्यांनी ते चिखलात ठेवलं. हंसाने पोटरी सोडली. तोवर मावशी पोचल्या आणि त्यांनी रिकामी बादली आडवी धरून दोघींना बाहेर काढलं.

बाहेर आल्यावर बाई पायवाटेवरच बसल्या. पोरं भोवती जमली. त्यांना म्हणायचं होतं, भिऊ नका. "भि... भि..." पुढे शब्द येईना. पन्नाशी उलटलेल्या बाईंची बोबडी वळली होती, आणि वीस पोरं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. कुणी "बोला लवकर" म्हणालं नाही. नुसती थांबली.

संध्याकाळी पोटरी काळीनिळी झाली. पेंटर हळद लावत होता.

"तुम्ही सगळे पक्षी एकाच मापाचे काढलेत," बाई म्हणाल्या.

"मग? पाटी भरून दिसायला नको?" तो म्हणाला आणि एकदम थांबला. हळदीची वाटी खाली ठेवून म्हणाला, "पण तू तरी कधी बोलली नाहीस."

"मला कुठे ठाऊक होतं? मी आजवर एकाही पक्ष्याकडे धड बघितलं नाही."

तशाच लंगडत त्या इस्त्रीवालीकडे गेल्या. घडलं ते सगळं सांगितलं, पत्र्यांचंही सांगितलं. इस्त्रीवालीने गरम इस्त्री बाजूला ठेवली.

"मी तुमच्यावर फार रागावलेय, बाई," ती म्हणाली. "नीट ओरडणार होते. पण ही घरी आल्यापासून जी बडबडतेय! हिचं ऐकू की तुमच्यावर ओरडू?"

बाईंना त्याने धीर आला नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर वीस घाबरलेली पोरं आणि मोठ्या बाईंची ती इवलीशी खुर्ची होती.

दुसऱ्या दिवशी खुर्ची मांडली गेली. मोठ्या बाईंनी गोबऱ्या मुलाला उभं केलं. "काल काय बघितलंस?"

बाईंनी खिडकीचा गज घट्ट धरला.

"हंसाने बाईंना चावलं," तो म्हणाला. "बाई ओरडल्या. हंस पण ओरडला, पण बाई जास्त ओरडल्या."

"बाईंची चप्पल तिकडेच राहिली!" मागून एक.

"तुला नाही विचारलं," गोबरा मुलगा म्हणाला. "टर्की पोट फुगवते आणि गुडगुड करते."

"मी रडलो नाही, हा रडला."

"खोटं! तू पण रडलास, तुझं नाक गळत होतं!"

"कोंबडी पायाने माती उडवते, माझ्या बुटात गेली."

मोठ्या बाई वाक्यं मोजायला बसल्या होत्या, त्यांनी मोजणं सोडून दिलं. "बास, बास, एकेक जण," म्हणेपर्यंत चौघं भांडायला लागले होते आणि भांडण पूर्ण वाक्यांत चाललं होतं. शेवटी मुंगी उठली. हातात पत्रा नव्हता. ती खाली बघत, सावकाश बोलली.

"पिल्लू धडधड करत होतं. त्याला माझी भीती वाटली. बाई पण धडधड करत होत्या."

वर्ग सुटल्यावर बाई स्वतःहून मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. उभ्यानेच सगळं सांगितलं: आत्याचं खुराडं, अंड्यावरचं पीस, पत्र्यांचं माप. "पोरीला काही झालं असतं तर ते माझ्यामुळे झालं असतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कळायला हवं."

मोठ्या बाईंनी चष्मा कपाळावरून खाली आणला.

"कोंबडी पाणी कसं पिते हो?"

बाईंच्या पत्र्यावर ते नव्हतं.

"चोवीस वर्षं," मोठ्या बाई म्हणाल्या. मग आवाज जरा खाली आणून, "मी शब्द दिला होता, तो फिरवत नाही. वर्ग तुमचा. पण मी पोरांना दर सत्रात तिथे पाठवणार आहे. आणि पुढच्या वेळी, ज्यांनी पक्षी नीट बघितलेत अशाच बाईंबरोबर पाठवीन. तोपर्यंत काय करायचं ते तुम्ही बघा."

रविवारी बाई एकट्याच बसमधून उतरल्या. पेंटर येतो म्हणत होता. त्यांनी नको म्हटलं. पायवाटेवर, कोंबड्यांच्या जाळीपासून चार हातांवर त्या उभ्या राहिल्या. छातीत तीच धडधड.

"आत या की!" अंडीवाल्या मावशी ओरडल्या.

"नको. आज इथूनच."

एक तांबडी कोंबडी पाण्याच्या थाळीशी आली. बाईंची नजर आपोआप जमिनीकडे वळली. त्यांनी ती ओढून वर आणली. कोंबडीने चोच पाण्यात बुडवली, मान वर केली, आभाळाकडे बघत घोट खाली उतरू दिला. पुन्हा बुडवली. पुन्हा मान वर. ती पाणी गिळत नव्हती, घशात ओतत होती. बाईंना हे ठाऊक नव्हतं.

"कोंबडी चोच पाण्यात बुडवते," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "मग मान वर करते."

तेवढ्यात पायवाटेच्या टोकाला तो नर हंस जाळीशी आला. त्याने मान लांब केली आणि फिस्स केलं. बाई दोन पावलं मागे सरल्या. ओळखलंन की काय मेल्याने! पाठ फिरवून बस गाठावी असं फार वाटलं. पाठ फिरवली नाही. तशाच उभ्या राहून त्याच्याकडे बघत राहिल्या.